इंदुरात एकआसनी लाकडी विमान बांधायचं तर: लाकूड, गोंद, इंजिन आणि माळव्याची हवा

रंधा_इंदूर

नमस्कार मंडळी. स्वतःच्या हाताने बांधायच्या छोट्या विमानांवर इंग्रजीत ढीगभर मजकूर आहे, पण तो कॅलिफोर्नियाच्या नाहीतर इंग्लंडच्या हवेसाठी लिहिलेला. आपल्याकडे जुलैत दाराच्या चौकटी फुगतात आणि मे महिन्यात त्याच चौकटींना फटी पडतात. लाकडाचं विमानही याच हवेत राहणार, म्हणून हा धागा.

चर्चेला एक ठोस नमुना हवा म्हणून इव्हान्स व्हीपी-१ घेतो. विल्यम इव्हान्स या अमेरिकन अभियंत्याचं हे डिझाइन १९६८ मध्ये पहिल्यांदा उडालं. पंखांचा पसारा ७.३ मीटर, रिकामं वजन सुमारे २०० किलो, पायलट-पेट्रोलसह पूर्ण भार ३४० किलो, पुढे फोक्सवॅगन बीटलचं हवेने थंड होणारं इंजिन. फ्यूजलाज (विमानाचं धड) म्हणजे प्लायची सपाट बाजू असलेली पेटी. पंख एका रुंदीचा, त्यामुळे सगळ्या रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या) एकाच साच्यावर निघतात, आणि बाहेरून स्ट्रटचा, म्हणजे तिरक्या दांड्याचा टेकू. पंख काढता येतात, म्हणून विमान घरी ठेवून ट्रॉलीवर नेता येतं. वेग बेताचा आणि दिसायलाही बोजड, पण साध्या सुतारी हत्यारांनी होण्यासारखं आहे, आणि खर्च आटोक्यात राहतो तो यामुळेच. फ्लाय बेबी हे घरी बांधायचं दुसरं लाकडी विमान जास्त देखणं आहे, पण त्याला काँटिनेंटलचं विमानाचं इंजिन लागतं आणि तिथेच बजेट संपतं.

आधी वेळापत्रक. चिकटवायचं सगळं काम दसरा ते रंगपंचमी या काळात उरका. कारण असं: लाकूड आजूबाजूच्या हवेप्रमाणे पाणी धरतं. हवेत ८५% आर्द्रता असली तर लाकडातलं पाणी १७-१८% पर्यंत चढतं, आणि मेच्या कोरड्या दुपारी, २०% आर्द्रतेत, ४-५% पर्यंत उतरतं. स्पारला, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईला, चिकटवताना ८ ते १२% हवं. पावसाळ्यात चिकटवलेला जोड उन्हाळ्यात आकसतो आणि ताण गोंदाच्या रेषेवर येतो. दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घ्या आणि फळीच्या टोकाला न मोजता मध्ये मोजा, टोकं नेहमी जास्त कोरडी असतात.

लाकडाची निवड, गोंद, बोल्ट, इंजिन यांवर जाणकारांनी लिहावं.

---

वखारवाला

लाकडावर लिहितो. आराखड्यात सिट्का स्प्रूस असतं. घनता सुमारे ४३० किलो प्रति घनमीटर आणि त्या वजनाला ताकद भरपूर. आपल्या वखारीत ते मिळत नाही. बरेच जण देवदाराचं विचारतात. देवदार त्याहून बराच जड, सुमारे ५५०, शिवाय तेलकट. तेलामुळे गोंद नीट धरत नाही. सागाचंही तेच, आणि तो आणखी जड. दुसरं लाकूड वापरलंच तर स्पारचा छेद नव्याने मोजावा लागतो. नुसतं ‘जास्त मजबूत दिसतंय’ म्हणून बदलू नका.

आयात पाइनच्या वखारीत कधीकधी चांगली डग्लस फर सापडते. ती स्प्रूसपेक्षा जड पण ताकदीने पुढे, आणि लाकडी विमानांत मान्य पर्याय म्हणून तिचं नाव आहे. फळी हातात घेऊन हे पाहा: वार्षिक वलयं इंचाला किमान ६. रेषांचा उतार १५ ला १ पेक्षा जास्त नको, म्हणजे १५ सेंटीमीटर लांबीत रेषा १ सेंटीमीटरहून जास्त सरकता कामा नये. उतार डोळ्याला फसवतो. फौंटन पेनाच्या शाईचा थेंब फळीवर टाका, शाई रेषेच्या दिशेने पसरते आणि खरा उतार दिसतो. गाठ, डिंकाची पोकळी, निळसर बुरशी असलेला भाग कापून टाका. आणि सगळ्यात घातक म्हणजे आडवी बारीक सुरकुती, झाड वाऱ्यात वाकताना दाबाने पडलेली. कंदिलासारखा तिरपा उजेड टाकल्याशिवाय ती दिसत नाही. तिथून स्पार काडीसारखा तुटतो.

लांब फळी मिळत नसेल तर तिरका सांधा करा, १२ ला १. म्हणजे २० मिमी जाडीला २४० मिमी लांब उतार. रंध्याचं पातं नुकतं धार लावलेलं हवं. सँडपेपरने सांधा गुळगुळीत करू नका, भुसा छिद्रांत बसतो आणि गोंद आत शिरत नाही.

---

मुग्धा_राजवाडा

प्लायचं काय? सियागंजात बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्याला टिकणारा), आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय मिळतो. तो चालेल का?

---

वखारवाला

मुग्धाताई, गोंदाच्या बाबतीत आयएस ७१० चांगला आहे, ७२ तास उकळण्याच्या चाचणीत तो टिकावा लागतो. अडचण आतल्या थरांची. बाहेरचा थर सुंदर आणि आत जोड, पोकळी, एकावर एक चढलेली पट्टी. फर्निचरला फरक पडत नाही, फ्यूजलाजच्या ३ मिमी कातडीला पडतो. शिवाय आपला मरीन प्लाय बहुधा जड लाकडाचा, वजन फुकट वाढतं. ताण घेणाऱ्या जागी विमानाचा बर्च प्लाय, नाहीतर बीएस १०८८ या ब्रिटिश मानकाचा, ओकूमे या हलक्या लाकडाचा प्लाय, आणि आराखड्यात जे लिहिलंय तेच. आयएस ७१० सीटखाली, जमिनीच्या फळीला, साच्याला वापरा.

शीट घेतल्यावर मागून जोरदार दिवा लावून अंधाऱ्या खोलीत बघा. ३ मिमीमधून आतली पोकळी फिकट ठिपक्यासारखी दिसते. एका कोपऱ्यातून पट्टी कापून तीन तास उकळा आणि पटाशीने थर उचकटा. थरांमधून स्वच्छ सुटली तर पूर्ण शीट बाजूला ठेवा.

---

चिकट_पण_खरं

गोंदाबद्दल. पांढरा सुतारी गोंद म्हणजे पीव्हीए, तो कायमच्या भाराखाली हळूहळू सरकतो. स्पारला अजिबात नाही. युरिया फॉर्मल्डिहाइड गरम दमट हवेत काही वर्षांनी ठिसूळ होतो, आणि आपली हवा वर्षातले चार महिने तशीच. रिसॉर्सिनॉल उत्तम, पण त्याला घट्ट जुळलेला सांधा, भरपूर दाब आणि २१ अंशांच्या वरचं तापमान लागतं. जानेवारीच्या रात्री इंदुरात पारा १० च्या खाली जातो, मग शेडमध्ये हीटर लावूनच काम.

घरगुती कामाला स्ट्रक्चरल इपॉक्सी सोपा. टी-८८ हा इपॉक्सी आकारमानाने १:१ मिसळतो. अराल्डाइटचं रेझिन एडब्ल्यू १०६ आणि हार्डनर एचव्ही ९५३ वजनाने १०० ला ८०. डोळ्यांनी अंदाज करू नका, ०.१ ग्रॅमचा दागिन्यांचा काटा वापरा. इपॉक्सीला फार दाब नको. क्लॅम्प कचकचून आवळला तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. कडेने बारीक मण्यांची सलग रेषा दिसली की थांबा.

इपॉक्सीची खोड उष्णता. एडब्ल्यू १०६ सारख्या गोंदाची ताकद ६० अंशांनंतर झपाट्याने उतरते. मेच्या उन्हात गडद रंगाचा प्लाय त्याच्या वर सहज जातो. म्हणून पंख आणि फ्यूजलाजची वरची बाजू पांढरीच ठेवा. लाल-निळे पट्टे हवेत तर बाजूला, खालच्या भागात.

आणि प्रत्येक वाटीमागे एक नमुना: त्याच लाकडाचे दोन तुकडे त्याच गोंदाने चिकटवा, तारीख टाका, आठवड्याने शिकंज्यात धरून हातोड्याने फोडा. तुटलेल्या पृष्ठभागावर लाकडाचे तंतू चिकटलेले दिसले पाहिजेत. गोंदाची चकचकीत साफ चादर दिसली तर त्या दिवशीचे सगळे सांधे संशयित, ते उघडून पुन्हा करावे लागतील. नमुने फेकू नका, पिशवीत घालून नोंदवहीला जोडा.

---

पिथमपूर_लेथ

बोल्टवर. ‘८.८ ग्रेडचा बोल्ट ८०० एमपीएचा, विमानाचा एएन बोल्ट १२५,००० पीएसआयचा म्हणजे ८६० च्या आसपास, मग फरक किती?’ असं बरेच जण विचारतात. ताकदीत फारसा नाही. फरक शँकमध्ये, म्हणजे बोल्टच्या आटे नसलेल्या गुळगुळीत दांड्यात आहे. बाजारातल्या बोल्टचे आटे बहुतेक वेळा लांबपर्यंत येतात, आणि फिटिंगच्या भोकात आटे बसले की भार धारेवर येतो आणि भोक कुरतडत मोठं होतं. एएन बोल्टची गुळगुळीत लांबी पकडलेल्या जाडीइतकी निवडता येते. ‘मग १०.९, १२.९ घेऊ’ हे त्याहून वाईट. त्या कठीण पोलादावर स्वस्त झिंक प्लेटिंग झालं असेल तर हायड्रोजन आत अडकतो आणि बोल्ट भार नसतानाही, नुसता आवळलेला असताना, दोन दिवसांनी डोकं टाकतो. पंखाचे आणि स्ट्रटचे बोल्ट आयात करा. मोजके लागतात, खर्च झेपतो.

फिरणाऱ्या सांध्याला, म्हणजे बेलक्रँक (कंट्रोलच्या ओढीची दिशा बदलणारी तरफ), रडर हिंज (शेपटीच्या सुकाणूची बिजागरी), तिथे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट) नको. किल्ल्याचा नट आणि कॉटर पिन. लाकडातून जाणाऱ्या बोल्टखाली मोठा वॉशर, आणि लाकूड दबेपर्यंत आवळू नका.

कंट्रोल केबल ७×१९ विणीची, ३.२ मिमी. टोकाला थिंबल (केबलच्या फासात बसणारी धातूची खोबण) आणि दाबायची स्लीव्ह. तीन दाबांपैकी पहिला मधे, दुसरा थिंबलच्या बाजूला, तिसरा शेवटच्या टोकाला, मग गेजने तपासणी. हार्डवेअरच्या दुकानातली यू-क्लिप आणि मोटरसायकलची ब्रेक केबल इथे चालत नाही.

---

सेक्शन_६०६१

लाकडाला फाटा देऊन अफोर्डाप्लेनसारखं अ‍ॅल्युमिनिअमच्या चौकोनी नळ्यांचं, बोल्टने जोडायचं डिझाइन का नको? ना आर्द्रतेची कटकट, ना गोंदाची.

---

पिथमपूर_लेथ

चांगला पर्याय आहे, एका अटीवर. आराखड्यात ६०६१-टी-६ (उष्णतेने कडक केलेला मिश्रधातू) असतं, यील्ड, म्हणजे कायमचं वाकण्याआधीची ताकद, सुमारे २७५ एमपीए. लोहामंडीत किंवा खिडक्यांच्या दुकानात मिळणारा सेक्शन ६०६३ असतो, त्याचं टी-५ मध्ये यील्ड १४५ च्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मं. दिसायला दोन्ही सारखेच. दुकानदार सांगेल त्यावर जाऊ नका, मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि हीट नंबर (धातूच्या ओतकामाचा क्रमांक) नळीवरच्या छापाशी जुळवा. देशी खुणांत ६०६३ ला एचई ९ आणि ६०६१ ला एचई २० म्हणतात, बिलावर ते बघा. नळी वेल्ड करू नका, वेल्डच्या शेजारचं टी-६ मऊ पडतं.

---

व्हॉल्व्ह_क्लिअरन्स

इंजिन. बीटलचं १६०० म्हणजे ८५.५ मिमी बोअर, ६९ मिमी स्ट्रोक. भारतात हे इंजिन दुर्मीळ, जुनं मिळालं तरी क्रँककेस, क्रँक, हेड उघडून तपासल्याशिवाय घेऊ नका. खर्चाचा मोठा भाग इथेच जातो, तो गृहीत धरा. ८५.५ ऐवजी ९२ मिमीचे बॅरल घातले की १८३४ सीसी होतं आणि ६० अश्वशक्तीच्या आसपास मिळतं. प्रॉपेलर थेट क्रँकवर, सुमारे ३३०० आरपीएमच्या आत.

गाडीतला पंखा आणि पत्रे निघतात, विमानात हवा समोरून येते. इथे नेहमीची चूक म्हणजे सिलिंडरांच्या खालच्या बाजूचे, दोन बॅरलच्या मधले छोटे पत्रे ‘गाडीचे’ म्हणून टाकून देणं. ते हवेला सिलिंडरांवरच्या फिन्सच्या (थंड करणाऱ्या पातळ पात्यांच्या) खाचांतून फिरवून नेतात. ते नसले तर वरून हवा मुबलक असूनही हेड तापतं. बॅफलच्या, म्हणजे हवा वळवणाऱ्या पत्र्यांच्या, कडेला सिलिकॉन रबराची पट्टी लावा. अंधारात आतून दिवा ठेवून बाहेरून बघा, उजेड जिथून येतो तिथून हवाही निसटते.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स थंड इंजिनावर ०.१५ मिमी, दर २५ तासांनी. आकडा लिहून ठेवा, कारण आकड्यापेक्षा त्याची दिशा महत्त्वाची. एकाच एग्झॉस्ट व्हॉल्व्हचं क्लिअरन्स दर वेळी कमी होत असेल तर व्हॉल्व्ह लांबतोय किंवा सीट खचतेय. दोनदा जुळवून पुढे जाऊ नका, हेड उतरवा. तो व्हॉल्व्ह डोकं टाकतो तेव्हा पिस्टन घेऊन जातो.

लाकडी प्रॉपेलरचे बोल्ट पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा मार्चअखेर टॉर्क रेंचने तपासा. पावसात हब फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि बोल्ट सैल पडतात. मग प्रॉपेलर फ्लँजवर घासून जळतो, हबच्या मागे काळी वर्तुळं दिसतात.

---

घामाघूम

आणि हे ६० अश्व कागदावरचे, समुद्रसपाटीचे. इंदूर विमानतळाची उंची १८५० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान साधारण ११ अंश. मेच्या दुपारी ४० अंश, म्हणजे २९ अंश जास्त. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर ३४८० फूट वाढले. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे इतकी पातळ हवा एरवी ज्या उंचीवर असते ती उंची, ५३०० फुटांवर. हवेची घनता प्रमाणाच्या ८५% आणि इंजिनाची ताकद त्याहून थोडी कमी. ६० चे ५० उरले. प्रॉपेलरलाही पातळ हवा, पंखालाही. एअरस्पीड इंडिकेटर नेहमीचाच आकडा दाखवतो, पण जमिनीवर आपण ८% जास्त वेगाने पळत असतो. आराखड्यातली टेकऑफची धाव किमान दीडपट धरा, काळ्या मातीच्या पट्टीवर गवत असेल तर त्यावर आणखी.

काळी माती वेगळंच प्रकरण. उन्हाळ्यात भेगा इतक्या रुंद की छोटं टेलव्हील अडकतं. पावसात चिखल चाकाच्या आणि ब्रेकच्या मधे भरून चाक जाम होतं. व्हील पँट (चाकावरचं आवरण) बसवूच नका, आणि पट्टीवर मुरूम टाकून रोलर फिरवल्याशिवाय ती वापरू नका.

---

तराजू

आता वजन आणि तोल. एक उदाहरण सोडवून दाखवतो, आकडे फक्त समजण्यासाठी. स्वतःच्या विमानाला स्वतःचे आकडे आणि आराखड्यातली मर्यादा घ्या. कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागे रुंदी, १२७० मिमी. पंखाची पुढची कड शून्य. तोलाच्या बिंदूची मागची मर्यादा कॉर्डच्या ३०% धरू, म्हणजे ३८१ मिमी.

विमान उड्डाणाच्या पवित्र्यात, शेपूट उचलून, तीन वजनकाट्यांवर. मुख्य चाकं कडेपासून ६० मिमी मागे, दोन्ही मिळून १८५ किलो. टेलव्हील ३७०० मिमी मागे, १५ किलो. मोमेंट (वजन गुणिले अंतर): ११,१०० अधिक ५५,५००, एकूण ६६,६००. भागिले २००, म्हणजे तोलाचा बिंदू ३३३ मिमी. छान.

आता ७५ किलोचा पायलट ६०० मिमीवर, आणि नाकातल्या टाकीत ३० लिटर पेट्रोल, सुमारे २२ किलो, कडेच्या १५० मिमी पुढे. एकूण २९७ किलो, तोल ३६५ मिमी. अजूनही आत. पण टाकी रिकामी झाली की २७५ किलो आणि ४०६ मिमी, म्हणजे ३२%. उडताना नीट असलेलं विमान उतरताना शेपटाला जड झालं. व्हीपी-१ ची आडवी शेपटी पूर्ण फिरणारी, पिचला (नाक वर-खाली करायला) मुळात हलकी, तिथे हे जास्त जाणवतं. म्हणून रिकाम्या टाकीचं गणित आधी करा.

उपाय: नाकात ७५० मिमी पुढे ६ किलो शिसं टाकलं की बसतं. पण मेलेलं वजन वाहण्याआधी बॅटरी बघा. ५ किलोची बॅटरी सीटमागे १००० मिमीवर असेल तर फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर), कडेच्या ५०० मिमी पुढे आणा. ७५०० चा मोमेंट कमी, रिकाम्या टाकीला तोल ३७९ मिमी. शिसं न टाकता काम झालं.

---

मुग्धा_राजवाडा

तराजूदादा, पायलट ९५ किलोचा असेल तर?

---

तराजू

मग बॅटरी पुढे आणूनही पुरत नाही. रिकाम्या टाकीला ३९४ मिमी, ३१%. नाकात अजून साडेतीन किलो लागतील, नाहीतर सीटची पाठ पुढे घ्यावी लागेल. आणि पूर्ण भाराची मर्यादाही बघा. विमानावर एक पाटी लावा: पायलटचं कमाल वजन अमुक. किमान वजनही लिहा.

---

नियमावली

थोडक्यात कागदपत्रं. शेडमध्ये बांधायला कोणी अडवत नाही, उडवायला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी आणि परवानगी लागते, आणि १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात मांडलं गेलं, व्हीटी-एनएमडी ही नोंदणी २०१७ च्या नोव्हेंबरात मिळाली. तेव्हा लाकूड विकत घेण्याआधी पत्रव्यवहार सुरू करा. प्रत्येक टप्प्याचे, झाकण्याआधीचे फोटो, साहित्याची बिलं, गोंदाचे नमुने, वजनाच्या नोंदी जपा. पंखावर कापड चढल्यावर आतला सांधा कोणी पाहू शकत नाही. विमानतळाच्या आसपासची हवाई हद्द एटीसीच्या (हवाई वाहतूक नियंत्रणाच्या) ताब्यात असते, त्यामुळे धावपट्टीची जागा निवडतानाच चौकशी करा.

---

रंधा_इंदूर

सर्वांचे आभार, फार नेमकं लिहिलंत. एक राहिलं: पेट्रोल. पंपावर आता २०% इथेनॉल असतं. त्याचं काय करायचं?

---

व्हॉल्व्ह_क्लिअरन्स

फायबरग्लासची टाकी असेल तर ते वापरूच नका, इथेनॉल रेझिन मऊ करतं आणि चिकट गाळ कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. अ‍ॅल्युमिनिअमची टाकी, इथेनॉलला टिकणारे होज आणि ओ-रिंग घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात उभ्या विमानात पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर करतात आणि तोच आधी इंजिनात जातो. वडोदऱ्याच्या रिफायनरीत इंडियन ऑइल २०२२ पासून एव्हगॅस १०० एलएल (पिस्टन इंजिनाच्या विमानांचं पेट्रोल) बनवतं, तो मिळवता आला तर प्रश्नच मिटतो. त्यातलं शिसं प्लगवर साचतं, तेवढे प्लग वरचेवर साफ करा.

तपासणी सोपी आहे. काचेच्या उभ्या नळीत १० मिली पाणी, खूण करा, वर ९० मिली पेट्रोल, हलवा, दहा मिनिटं ठेवा. पाण्याची पातळी खुणेच्या वर गेली तर इथेनॉल आहे.

आणि पहिल्यांदा इंजिन चालवण्याआधी प्रवाह मोजा. नाक चढाईच्या कोनात उचलून धरा, टाकीत दोन-तीन लिटरच ठेवा, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मापात धरा. गुरुत्वाने येणाऱ्या इंधनाला टेकऑफच्या खपाच्या दीडपट प्रवाह हवा. हे इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला १८ लिटर धरलं तर २७ लिटर, म्हणजे मिनिटाला ४५० मिली. कमी भरलं तर आधी टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बघा, मग फिल्टर, मग नळीतली वर चढून खाली येणारी वळणं, तिथे हवेचा बुडबुडा अडकतो.